संशोधनातील खंडानंतर सरकारी अनुदानासाठी अर्ज कसा करावा

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त होती. त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच्या सरकारी आकडेवारीनुसार प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाच्या कामावर असलेल्या मनुष्यबळात स्त्रियांचे प्रमाण जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे होते. मधल्या मधे ज्या गळतात त्यांच्यातील अनेकींनी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. पूर्ण केलेली असते. लग्न, बदली, बाळंतपण, घरातले आजारपण किंवा केवळ पुढची जागा न मिळणे यांपैकी एखाद्या कारणाने काम थांबते आणि मग ते पुन्हा सुरू करण्याचा रस्ता सापडत नाही. हा रस्ता आहे, पण तो एका खिडकीवर अर्ज देऊन संपणारा नाही. पुढील मजकूर अशा संशोधिकांसाठी आहे ज्यांना दोन, पाच किंवा दहा वर्षांच्या खंडानंतर केंद्र सरकारच्या निधीतून पुन्हा प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावीशी वाटते. ‘बायका संसारामुळे संशोधन सोडतात’ हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की स्त्रियांनाही ते खरे वाटू लागते. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात, ज्यात मूळच्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांचा सहभाग होता, पीएच.डी. होऊनही संशोधनाबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी घरच्या जबाबदाऱ्यांपेक्षा योग्य संधी न मिळणे हे कारण अधिक ठळकपणे मांडले होते. अर्ज लिहिताना हे मनात असावे, म्हणजे लेखणीतून उगाच अपराधी सूर उमटत नाही.

योजना निवडताना

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने, म्हणजे डीएसटीने, २००२-०३ पासून महिला वैज्ञानिक योजना चालवली. २०१४ मध्ये ती ‘किरण’ या छत्राखाली आली आणि आता ती ‘वाइज-किरण’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील चार वाटा येथे महत्त्वाच्या आहेत. पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘वाइज-पीएचडी’, पीएच.डी.नंतरच्या स्वतंत्र संशोधनासाठी ‘वाइज-पीडीएफ’, समाजोपयोगी तंत्रज्ञानाच्या कामासाठी ‘वाइज-स्कोप’, आणि पेटंट व बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात वर्षभराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारी ‘वाइज-आयपीआर’. यांतील शेवटची वाट अनेकींच्या नजरेतून सुटते. प्रयोगशाळेत पूर्ण दिवस देणे ज्यांना पुढेही शक्य होणार नाही, पण विषयाची जाण आणि वाचनाची शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तिचा गंभीरपणे विचार करावा. पेटंट एजंटची परीक्षा देऊन घरातून व्यवसाय करणाऱ्या अनेक स्त्रिया याच योजनेच्या जुन्या रूपातून पुढे आल्या आहेत.

जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानातील संशोधिकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीबीटीची, ‘बायोकेअर’ ही योजना २०११ पासून आहे. ती नोकरीत असलेल्या आणि नसलेल्या अशा दोघींसाठी आहे, हे तिचे वेगळेपण. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नियमित पदावर असलेल्यांसाठी २०२० मध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे सर्बची, ‘सर्ब-पॉवर’ ही योजना सुरू झाली. तिच्यात राष्ट्रीय संस्थांसाठी तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत आणि राज्य विद्यापीठे व महाविद्यालयांसाठी ३० लाखांपर्यंत अशा दोन स्वतंत्र पातळ्या ठेवल्या गेल्या, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापिकेला आयआयटीतल्या प्राध्यापिकेशी थेट स्पर्धा करावी लागत नव्हती. मात्र सर्ब ही संस्था आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाली आहे. त्यामुळे इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नये; प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची जाहिरात आली आहे का, आणि वयाची अट व सवलत काय दिली आहे, एवढेच प्रमाण मानावे.

आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्या पीएच.डी. विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या समाजघटकांसाठी आहेत. त्या केवळ स्त्रियांसाठी नाहीत, पण पीएच.डी.च्या टप्प्यावर त्यांचा उपयोग करून घेतला पाहिजे. एकाच वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

योजना निवडण्याची माझी कसोटी साधी आहे. नियमित नोकरी आहे की नाही, पदवी कोणती आहे, आणि आपल्याला पुढे नेमके काय व्हायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली की सहासात योजनांपैकी एक किंवा दोनच उरतात. रक्कम पाहून योजना निवडणाऱ्यांचे अर्ज बहुधा पात्रतेच्या छाननीतच बाद होतात.

यजमान संस्था, म्हणजे निम्मी लढाई

नोकरी नसलेल्या अर्जदार स्त्रीला मंजूर झालेली रक्कम तिच्या बँक खात्यावर येत नाही. ती संस्थेकडे येते. म्हणून अर्ज भरण्याआधी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने ‘आम्ही हिला जागा देऊ, उपकरणे वापरू देऊ आणि हिशेब ठेवू’ असे लेखी कळवावे लागते, आणि तेथील एक नियमित वैज्ञानिक मार्गदर्शक म्हणून पुढे यावा लागतो. प्रस्ताव कितीही चांगला असला तरी हा कागद नसेल तर तो पुढे सरकत नाही.

येथे इतिहासाची एक आठवण अस्थानी ठरणार नाही. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याने नकार दिला, आणि पुढे प्रवेश दिला तो वर्षभर काम पाहून मगच नियमित मानण्याच्या अटीवर. त्यांनी ती अट पाळून दाखवली आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. असा तोंडावर नकार आज कोणी देत नाही. आज ‘या ना, जागेचे नंतर बघू’ असे गोड बोलून काहीच लेखी न देण्याची पद्धत आहे, आणि तीही एका अर्थी परिवीक्षाच असते.

म्हणून संस्थेकडे जाताना चार गोष्टी थेट विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे संमतीपत्रात किंवा निदान ई-मेलवर घ्यावीत. बसायला टेबल आणि प्रयोगाला ओटा कोणत्या प्रयोगशाळेत मिळेल. सामाईक उपकरणे वापरायचे शुल्क बाहेरच्या माणसाच्या दराने लागेल की आतल्या. प्रमुख संशोधक म्हणून खरेदीच्या कागदांवर सही कोणाची चालेल. आणि पाळणाघर आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केलेली आहे, तेव्हा त्यात मेहेरबानी मागण्यासारखे काही नाही.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या वजनापेक्षा वेळेचा विचार करावा. ज्यांच्याकडे आधीच १५ विद्यार्थी आहेत अशा नामवंत वैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत परत आलेली स्त्री बऱ्याचदा आणखी एक हात म्हणून वापरली जाते, आणि तीन वर्षांनी तिच्या नावावर चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे लेखकपद तेवढे उरते. त्यापेक्षा विषय जवळचा असलेला, स्वतःची प्रयोगशाळा नुकतीच उभी केलेला सहयोगी प्राध्यापक पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. शोधनिबंधावर पहिले नाव आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण असेल हा विषय पहिल्या-दुसऱ्या भेटीतच काढावा. नंतर काढला की तो भांडणाचा होतो.

प्रस्ताव लिहिताना

खंडानंतर लिहिलेल्या प्रस्तावांत एक दोष हमखास दिसतो, तो म्हणजे विषय फार मोठा घेतलेला असतो. मधली वर्षे भरून काढण्याच्या ओढीने अर्जदार सगळेच करू पाहते. एक उदाहरण घेऊन हे दाखवणे बरे.

समजा, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. झालेल्या आणि सहा वर्षांचा खंड पडलेल्या एका संशोधिकेला डाळिंबावरील तेल्या रोगावर काम करायचे आहे. हा रोग झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो, पाने-फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, आणि सोलापूर-नाशिक पट्ट्यातील बागायतदार त्याच्या धसक्याने बागा काढून टाकतात. पहिल्या मसुद्यात तिचे उद्दिष्ट असे असते: ‘महाराष्ट्रातील डाळिंबाच्या तेल्या रोगाचा सर्वंकष अभ्यास करून त्यावर पर्यावरणपूरक उपाय शोधणे.’ परीक्षकाला या वाक्यातून काहीच कळत नाही. सर्वंकष म्हणजे काय, उपाय कोणता, तो सापडला हे कशावरून ठरवायचे, आणि हे तीन वर्षांत एका बाईने कसे करायचे?

आता तेच उद्दिष्ट असे लिहून पाहावे: ‘सांगोला आणि पंढरपूर तालुक्यांतील बागांमधून गोळा केलेल्या तेल्याच्या जिवाणूंपैकी किती स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत हे मोजणे, ज्या बागांत या औषधाची फवारणी वारंवार झाली आहे तेथे हे प्रमाण जास्त आहे का ते तपासणे, आणि अशा जिवाणूंमध्ये प्रतिकाराची कोणती जनुके आहेत ते ओळखणे.’ येथे प्रश्न आहे, मोजमाप आहे, जागा आहे आणि उत्तर ‘नाही’ आले तरी ते छापण्याजोगे आहे. शिवाय सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेव्हा तेथील वैज्ञानिकांशी आधी बोलून त्यांचे सहकार्याचे पत्र जोडता येते. ‘हेच काम तिथे होत नाही का?’ हा प्रश्न परीक्षक विचारणारच; त्याचे उत्तर प्रस्तावातच असले पाहिजे.

कामाचे वेळापत्रक आखताना ऋतू विसरू नये. तेल्या पावसात आणि दमट हवेत फोफावतो, म्हणून नमुने मृग बहाराच्या बागांतून पावसाळ्यात घ्यावे लागतात. पण मंजुरीचे पत्र कोणत्या महिन्यात येईल आणि त्यानंतर पैसे कधी येतील, हे आपल्या हातात नसते. ते ऑक्टोबरात आले तर पहिल्या वर्षाचा पावसाळा गेलेला असेल. म्हणून ‘पहिले सहा महिने: नमुने गोळा करणे’ असे न लिहिता, पहिल्या सहा महिन्यांत पद्धती बसवणे आणि यजमान संस्थेकडील किंवा सहकारी केंद्राकडील जुन्या जिवाणूंवर चाचणी करणे असे लिहावे, म्हणजे पैसे कधीही आले तरी काम अडत नाही. अशी एक ओळ वाचूनसुद्धा परीक्षकाला कळते की अर्जदाराने हे काम प्रत्यक्ष केलेले आहे.

सारांश सर्वांत शेवटी लिहावा, पण त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. समितीतील दहाबारा जणांपैकी दोघे-तिघेच आपल्या उपविषयाचे असतात. बाकीचे सारांशावरून मत बनवतात. संदर्भांमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांतील निबंध असलेच पाहिजेत. खंड पडलेल्या अर्जात शेवटचा संदर्भ खंडाच्या आधीच्या वर्षाचा असेल, तर काही न बोलता सगळे बोलून झाल्यासारखे होते. शहरातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात तात्पुरते सदस्यत्व घेऊन किंवा ओळखीच्या प्राध्यापकामार्फत नवे निबंध मिळवून आधी दोन महिने नुसते वाचन करावे, असे मी प्रत्येकीला सांगेन.

खंड कसा मांडावा

खंड लपवू नये आणि त्याबद्दल क्षमाही मागू नये. जीवनवृत्तात सरळ एक ओळ असावी: ‘जुलै २०१७ ते मे २०२३: संशोधनात खंड (दोन बाळंतपणे व कुटुंबाचे स्थलांतर)’. कारण सविस्तर सांगण्याची गरज नाही, आणि आजारपणासारख्या खासगी गोष्टी लिहिण्याची तर मुळीच नाही. त्याच ओळीखाली या काळात जे केले ते लिहावे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले असेल, शोधनिबंधांचे परीक्षण केले असेल, एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम केला असेल, विज्ञानावर मराठीत लिहिले असेल, तर ते सगळे येथे येते. तासिका तत्त्वावरचे शिकवणे ‘ते काय, सगळेच करतात’ म्हणून कित्येकजणी गाळतात. ते गाळू नये. त्याचे प्रमाणपत्र मात्र आधी मिळवून ठेवावे, कारण पाच वर्षांनी ते मिळवायला गेले की प्राचार्य बदललेले असतात आणि कार्यालयात नोंद सापडत नाही.

हा भाग इतका जपून लिहायला सांगण्यामागे कारण आहे. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दिलेल्या अधिछात्रवृत्त्यांची कागदपत्रे दोन संशोधिकांनी मिळवून तपासली, तेव्हा पुरुषाइतकेच गुण मिळवण्यासाठी स्त्रीला सुमारे अडीचपट शोधकार्य दाखवावे लागत होते, असे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. कॅनडाच्या आरोग्य संशोधन निधीबाबत २०१९ मध्ये आलेला अभ्यास त्याहून सूक्ष्म आहे. परीक्षकांना ‘प्रस्तावातील विज्ञान पाहा’ असे सांगितले तेव्हा स्त्री-पुरुषांच्या यशातील फरक एका टक्क्याहूनही कमी होता, आणि ‘संशोधकाची योग्यता पाहा’ असे सांगितले तेव्हा तो चार टक्क्यांपर्यंत गेला. ही उदाहरणे परदेशातली आहेत, पण आपल्याकडच्या अर्जातही व्यक्तीबद्दलचे रकाने असतातच. विज्ञानाच्या भागात स्त्री असणे फारसे आड येत नाही. जीवनवृत्ताच्या भागात ते येते, आणि म्हणूनच जीवनवृत्त तारखांसह, पुराव्यांसह आणि विशेषणांशिवाय लिहावे. ‘मी प्रयत्न केला’, ‘मला संधी मिळाली’, ‘मदत केली’ अशी नम्र क्रियापदे मराठी मनाला बरी वाटतात, परंतु अर्जात ‘पद्धत विकसित केली’, ‘विश्लेषण केले’, ‘दोन विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले’ असेच लिहिले पाहिजे, अर्थात ते खरे असेल तर.

अंदाजपत्रक

अंदाजपत्रकाची शीर्षे ठरलेली असतात: अधिछात्रवृत्ती किंवा मनुष्यबळ, उपकरणे, कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारे साहित्य), प्रवास, कॉन्टिन्जन्सी (किरकोळ व आकस्मिक खर्च) आणि संस्थेचा ओव्हरहेड (व्यवस्थापनाचा खर्च). योजनेने ठरवलेल्या कमाल रकमेच्या जवळ जाणारा आकडा मागितला म्हणून अर्ज नाकारला जात नाही. आकड्यामागचे कारण नसेल तर नाकारला जातो. नोकरीत असलेल्या प्राध्यापिकेने मोठ्या अनुदानात सहायक मागितला असेल, तर कनिष्ठ संशोधन छात्राचे दर आपण ठरवायचे नसतात. २०२३ पासून ते पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ छात्र झाल्यावर ४२,००० रुपये असे आहेत, त्यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता असतो, आणि पुणे-मुंबई वरच्या ‘एक्स’ वर्गात येतात. या भत्त्याची रक्कम विसरल्यामुळे तिसऱ्या वर्षी छात्राला देण्यास पैसे कमी पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मोठे उपकरण मागू नये. खंडानंतरच्या पहिल्या अनुदानात १५ लाखांचे उपकरण मागणे म्हणजे, माझ्या मते, यजमान संस्थेला भेट देण्यासारखे आहे, कारण प्रकल्प संपला की उपकरण तिथेच राहते आणि आपण बाहेर पडतो. तेल्याच्या उदाहरणात जनुकक्रम काढण्याचे काम बाहेरून करून घेतले तर त्याचा दर नमुन्यामागचा खर्च कोटेशनसह दाखवता येतो आणि यंत्राचा प्रश्नच राहत नाही.

प्रवासाच्या शीर्षात स्त्रिया हात आखडता घेतात. पुण्याहून सांगोल्याला एसटीने जाऊन, बर्फाच्या पेटीत नमुने घेऊन त्याच दिवशी परत येणे कागदावर स्वस्त दिसते. प्रत्यक्षात बाग रस्त्यापासून चारपाच किलोमीटर आत असते, आणि संध्याकाळी परतीची गाडी चुकली तर नमुनेही जातात. भाड्याचे वाहन, मुक्काम आणि सोबत एक क्षेत्र-सहायक यांचा खर्च ‘नमुन्यांची शीतसाखळी आणि क्षेत्रकार्यातील सुरक्षितता’ या कारणासह स्पष्ट मागावा. पाळणाघराच्या शुल्कासाठी आपल्या सरकारी अनुदानांत बहुधा स्वतंत्र शीर्ष नसते. ते कॉन्टिन्जन्सीत बसवण्याचा प्रयत्न करू नये, लेखापरीक्षणात तो अंगाशी येतो.

मुलाखत

समितीपुढे पाच ते दहा मिनिटांचे सादरीकरण असते. प्रश्न, पद्धत, पहिल्या वर्षीचे काम आणि अडले तर पर्याय, एवढ्याच गोष्टी त्यात बसतात. ‘घर आणि मुले सांभाळून हे जमेल का?’ हा प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारला जात नाही आणि तुम्हालाही विचारला जाऊ नये, परंतु तो येतो. सासूबाई घरी असतात, पतीचा पाठिंबा आहे, असे खुलासे देत बसू नये. ‘कामाचे वेळापत्रक प्रस्तावात दिले आहे आणि यजमान संस्थेत पूर्ण वेळ काम करण्याची माझी तयारी आहे’, इतके उत्तर पुरेसे आहे; त्यानंतर लगेच विज्ञानाकडे वळावे.

मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीपत्रातील अटी शब्दशः वाचाव्यात आणि त्याची एक प्रत संस्थेच्या लेखा विभागात स्वतः नेऊन द्यावी. पहिला हप्ता आल्यानंतर पुढचा हप्ता आपोआप येत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर खर्चाचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, जीएफआर १२-अ या नमुन्यात तयार होऊन, सह्या होऊन विभागाकडे जावे लागते, आणि त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. यूसी वेळेत जाणे ही लेखा विभागाची जबाबदारी असली तरी उशीर झाला तर अधिछात्रवृत्ती तुमची थांबते, लेखापालाचा पगार थांबत नाही. म्हणून दर महिन्याला स्वतःच्या वहीत शीर्षवार खर्च मांडावा, आणि फेब्रुवारीतच लेखा विभागाच्या नोंदींशी ताळमेळ घालावा. दोन-तीन महिने पैसे न येणे ही या व्यवस्थेतली रोजची गोष्ट आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी सुरुवातीलाच तेवढी गंगाजळी बाजूला ठेवावी. हे सर्वांना शक्य नसते, आणि म्हणूनच हा उशीर घरचा आधार नसलेल्या स्त्रियांना सर्वांत आधी बाहेर ढकलतो.

खरेदीचा नियम असा की वस्तू आधी ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर पाहायची. वैज्ञानिक साहित्य तेथे हवे तसे न मिळणे ही सर्वांची जुनी तक्रार होती. जून २०२५ मध्ये केंद्राने या नियमांत सवलत दिली, ती अशी की कुलगुरू किंवा संचालक वैज्ञानिक उपकरणे व साहित्याची जेमबाहेरची खरेदी मंजूर करू शकतात, आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. आपल्या संस्थेच्या खरेदी विभागाला हे ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये. आदेशाची प्रत जवळ बाळगावी.

प्रकल्पावर असलेल्या छात्रांना आणि संशोधन सहयोगींना शासनाच्या नियमांप्रमाणे मातृत्व रजा मिळते आणि त्या काळात अधिछात्रवृत्ती चालू राहते, हे केंद्राच्या अधिछात्रवृत्तीच्या आदेशातच आहे. ‘तुम्ही कंत्राटी आहात, तुम्हाला रजा नाही’ असे तोंडी सांगितले गेल्यास लेखी उत्तर मागावे. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि प्रबंध सादर करण्याची कमाल मुदतही स्त्रियांसाठी दोन वर्षांनी अधिक आहे. रजेचा अर्ज मार्गदर्शकाला दिला म्हणजे झाले असे समजू नये. तो विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात आवक क्रमांक घेऊन नोंदवावा.

लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात हंगामी, कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी अशा सर्व स्त्रिया येतात, त्यामुळे प्रकल्पावरील संशोधिकाही येते. क्षेत्रकार्याच्या जागी आणि प्रवासात घडलेली घटनाही कामाच्या ठिकाणचीच मानली जाते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते आणि समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे पाहून ठेवावीत. अनुदान मार्गदर्शकाच्या मर्जीवर चालते असे वाटत असल्याने कित्येकजणी गप्प राहतात. प्रत्यक्षात मंजुरीपत्र तुमच्या नावाचे असते, आणि कारण दाखवून यजमान संस्था किंवा मार्गदर्शक बदलण्याची विनंती विभागाकडे करता येते.

तिसऱ्या वर्षाची तयारी पहिल्याच वर्षी

या योजनांचा खरा कच्चा दुवा शेवटी आहे. तीन वर्षे पैसे मिळतात, पद मिळत नाही. आयआयटी कानपूरमध्ये दर्शन रंगनाथन यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञेला पती तेथेच प्राध्यापक असल्यामुळे, एका अलिखित नियमापायी, वर्षानुवर्षे अध्यापकपद मिळाले नाही. अधिछात्रवृत्त्या आणि अनुदानांच्या बळावर त्या संशोधन करत राहिल्या. त्यांनी जे साधले ते असामान्य होते, पण एका अनुदानावरून दुसऱ्यावर उडी मारत जगणे ही व्यवस्था म्हणून चांगली नव्हे, आणि शासनाने परतणाऱ्या स्त्रियांसाठी खंडाची वर्षे वयातून वजा करून नियमित पदे खुली केल्याशिवाय ती बदलणार नाही.

तोवर जे आपल्या हाती आहे ते असे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक छोटा निबंध तरी पाठवलेला असावा, भले तो नमुना पद्धतीवरचा का असेना. दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी व्याख्यान द्यावे आणि त्यांपैकी एक अशा संस्थेत असावे जिथे पुढे पद निघण्याची शक्यता आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पुढचा अर्ज करावा. प्रकल्प संपल्यावर अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत वर्ष जाते आणि नवा खंड सुरू होतो. प्रकल्पाची मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपण्याच्या काही महिने आधी मागावी. मातृत्व रजेमुळे गेलेले महिने त्यात स्पष्ट दाखवावेत.

संस्था सोडण्याआधी अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यात ‘प्रकल्प सहायक’ असे न लिहिता मंजुरीपत्रात असेल तसे ‘प्रमुख संशोधक’ हे पद, अनुदानाची रक्कम आणि कालावधी लिहून घ्यावा, कारण पुढे संशोधनाचा अनुभव दाखवताना या तीन नोंदी उपयोगी पडतात. जिवाणूंचे संच, प्रयोगवह्यांच्या प्रती आणि कच्ची माहिती कोणाकडे राहील याचे एक पानी पत्र मार्गदर्शकाच्या सहीने करून घ्यावे. अंतिम यूसी आणि शिल्लक रक्कम परत केल्याची पावती या दोन्हींची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढच्या अर्जात ‘आधीचे प्रकल्प बंद झाले आहेत का’ हा रकाना असतो, आणि तो भरताना जुन्या संस्थेच्या लेखा विभागाला फोन करत बसण्याची वेळ येऊ नये.